‘नाही’ या उत्तराचा अर्थ

दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात मी जिवंत असल्याचे सरकारला कळवते. निवृत्त कर्मचाऱ्यांचा हा वार्षिक विधीच आहे. हयातीचा दाखला दिला नाही, तर निवृत्तिवेतन थांबते. २०१४ पासून हे काम ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल व्यवस्थेतून होऊ लागले आणि अनेक वृद्धांचे हेलपाटे वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. गेल्या नोव्हेंबरात मात्र माझे बोट बँकेतल्या यंत्राला पटेना. अंगठा झाला, तर्जनी झाली, हात धुऊन पुसून पुन्हा अंगठा झाला. पडद्यावर दर वेळी तेच: जुळत नाही. खिडकीपलीकडचा तरुण सहज म्हणाला, ‘‘मॅडम, वयाबरोबर रेषा झिजतात. तुम्ही कागदी फॉर्म द्या.’’ पाच मिनिटांत माझे हयात असणे सिद्ध झाले.

माझ्या मागे एका दिवंगत शिपायाच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांचेही बोट जुळले नाही. त्यांना ‘आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने द्या आणि मग या’ असे सांगण्यात आले. कागदी फॉर्म त्यांनाही चालला असता. नियम दोघींना एकच होता. फरक इतकाच, की तो नियम मला माहीत असणार हे त्या तरुणाने ओळखले होते. मी फॉर्म मागून त्यांच्या हाती दिला. त्या महिन्यात त्याच खिडकीवरून किती जणी परत गेल्या असतील, याची नोंद मात्र कुठेच नसणार.

बँकेची तक्रार करण्यासाठी मी हे लिहीत नाही. यंत्राने आम्हा दोघींना एकच उत्तर दिले होते, ‘नाही’. त्या उत्तराचा अर्थ माणसाने लावला, आणि दोघींसाठी वेगवेगळा लावला. सरकारी नोंदींशी व्यक्तीची ओळख ताडून पाहण्याच्या आपल्या साऱ्या व्यवस्थेत आज दुर्लक्षित राहिलेली जागा हीच आहे. नोंद जुळली नाही, याचा अर्थ समोरचा माणूस खोटा असा होत नाही. नोंद चुकीची असेल, नोंद बरोबर असून माणूस भलताच असेल, किंवा दोन्ही बरोबर असून जुळवण्याचे साधन फसले असेल. यांपैकी काय घडले, हे शोधण्याआधीच कारवाई होते.

माझ्या न जुळलेल्या अंगठ्याची वंशावळ बरीच जुनी आहे. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण मुलकी अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा शाईचा ठसा करारपत्रावर घेतला. पुढे त्याने सही नाकारू नये, एवढाच हेतू. जवळपास दोन दशकांनी, १८७७ मध्ये, हुगळीत दंडाधिकारी असताना हर्शेलने बोटांच्या ठशांचा रीतसर वापर सुरू केला तो दस्तनोंदणीत, तुरुंगात आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी. मेलेल्या माणसाच्या नावावर दुसराच कोणी पेन्शन उचलतो, हा संशय त्यामागे होता. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले. तिथल्या वर्गीकरणाच्या पद्धतीला एडवर्ड हेन्री यांचे नाव मिळाले. ती घडवणारे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस मात्र बराच काळ तळटीपेत राहिले. सांगायचा मुद्दा असा, की हे तंत्र जन्मले ते तोतयाच्या भीतीतून. तोतया पकडला जावा, याचा विचार त्यात पहिल्या दिवसापासून होता. खरा माणूस नाकारला गेला तर काय, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारल्याचे दिसत नाही.

तोतयाची भीती निराधार नव्हती, आजही नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेल्या माणसाने पेशव्यांच्या दरबाराला किती सतावले, हे मराठी वाचकांना मी सांगायला नको. पण इतिहासात याच्या उलट बाजूचेही एक प्रकरण आहे आणि प्रशासकाने ते आवर्जून वाचावे. ढाक्याजवळच्या भवाल संस्थानाचा मधला कुमार रमेंद्रनारायण रॉय १९०९ मध्ये दार्जिलिंगला मरण पावल्याचे जाहीर झाले. १९२१ मध्ये एका संन्याशाने आपणच तो कुमार असल्याचे सांगितले. महिन्याभरातच ढाक्याच्या जिल्हाधिकाऱ्याने नोटीस काढून त्याला तोतया ठरवले. मृत्यूची कागदपत्रे होती, चौकशीची वेगळी गरज वाटली नाही. १९३० मध्ये तो माणूस दिवाणी न्यायालयात गेला. दोन्ही बाजूंचे मिळून हजाराहून अधिक साक्षीदार तपासले गेले. १९३६ मध्ये न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी निकाल दिला की हाच तो कुमार. कलकत्ता उच्च न्यायालयाने आणि १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो उचलून धरला. इतिहासकार पार्थ चटर्जी यांनी या खटल्यावर पुस्तक लिहिले, तेव्हाही नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवले. तो माणूस नक्की कोण होता, यावर वाद घालणारे आजही भेटतील. मला त्यातले वेगळेच खटकते. भवालची जमीनदारी तेव्हा ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’मार्फत सरकारच्याच ताब्यात होती. म्हणजे ओळख पटवणारा आणि ओळख पटली तर अडचणीत येणारा, दोघे एकच होते.

ही अडचण आजही संपलेली नाही. यादी लहान झाली की ज्याचे कौतुक होते, त्याच खात्याकडे यादीची पडताळणी असते.

आसाममधील चिरांग जिल्ह्यातले एक प्रकरण आठवा. २०१६ मध्ये पोलिसांनी एका गरीब स्त्रीला परदेशी ठरवलेली व्यक्ती म्हणून ताब्यात घेतले आणि तिची रवानगी स्थानबद्धता केंद्रात झाली. आदेश निघाला होता तो मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच स्त्रीविरुद्ध, आणि ती आधीच वारलेली होती. चूक मान्य होऊन सुटका झाली जून २०१९ मध्ये. इथे नोंद कशी तयार झाली हा वाद बाजूला ठेवला, तरी शेवटचा आणि सर्वांत सोपा प्रश्न उरतोच: ‘ही तीच का?’ नाव, पतीचे नाव, शेजाऱ्यांची साक्ष, एवढ्यावर अर्ध्या दिवसात उत्तर मिळाले असते. तिथे तीन वर्षे लागली.

त्याच आसामात नागरिक नोंदवहीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी लागली. सुमारे ३ कोटी ३० लाख अर्जदारांपैकी १९ लाखांहून अधिक लोक तीत नव्हते. त्या प्रक्रियेत सर्वाधिक ओढाताण झाली ती विवाहित स्त्रियांची. शाळेत कधी न गेलेल्या, अल्पवयात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बाईचे नाव मतदार यादीत प्रथम येते ते नवऱ्याच्या घरी. ती अमुक बापाची मुलगी आहे, हे सांगणारा कागद तिच्याजवळ असतो तो ग्रामपंचायतीच्या सचिवाचा दाखला. उच्च न्यायालयाने तो अमान्य केला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर मान्य केला. दाखला आंधळेपणाने स्वीकारू नका आणि आंधळेपणाने फेटाळूही नका, त्याची शहानिशा करा, असे न्यायालयाचे म्हणणे होते. हे सांगायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

नाव ही आपल्या देशात तशी प्रवाही गोष्ट आहे. बिहारमध्ये लग्नाआधीची ‘कुमारी’ लग्नानंतर ‘देवी’ होते. तमिळनाडूत नावाआधीचे एक आद्याक्षर एका कागदावर विस्तारून वडिलांचे नाव बनते, दुसऱ्यावर तसेच राहते. ‘मोहम्मद’ रोमन लिपीत किती परींनी लिहिता येतो, ते कोणत्याही पारपत्र कार्यालयात विचारावे. जन्मतारखेची कथा तर आणखी मजेदार. उत्तर प्रदेशात माझ्या पिढीतल्या कित्येकांचा जन्म १ जुलैचा आहे, महाराष्ट्रात म्हणे १ जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी सोयीची वाटली ती तारीख लिहिली. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा, आणि जन्मदाखला हाच मुख्य पुरावा मानण्याची तरतूद लागू झाली ती १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी. त्याआधी जन्मलेल्या सर्वांचे कागद असे गुरुजींच्या, कारकुनांच्या आणि टंकलेखकांच्या हातचे आहेत. अशा दोन कागदांत एका अक्षराचा फरक आढळला, तर त्याची लबाडी म्हणून नोंद करण्यापूर्वी ज्याने तो कागद लिहिला त्याच्याकडे, म्हणजे आमच्याकडेच, पाहायला हवे.

आता आधारविषयी. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला, तेव्हा मांडलेला विचार मला आजही पटतो: ज्याच्याजवळ कोणताच कागद नाही, त्याला निदान एक भक्कम ओळख असावी. कायदाही तितकासा वाईट नाही. पडताळणीसाठी संमती घ्यावी, कोणती माहिती कशासाठी वापरली जाईल ते सांगावे, पर्याय सांगावा, असे २०१६ च्या अधिनियमात लिहिलेले आहे. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हेही त्यातच आहे. साध्या पडताळणीत व्यवस्था फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच कळवते, बाकी माहिती देत नाही. ही काटकसर स्तुत्य आहे. विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर द्यावे, हा जबाबदार पडताळणीचा पहिला नियम.

पण ‘नाही’ आले की पुढे काय, हे कायद्याच्या पानावरून दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचताना हरवते. झारखंडमध्ये २०१७ मध्ये आधारशी न जोडलेल्या शिधापत्रिका मोठ्या संख्येने रद्द झाल्या. सप्टेंबरमध्ये सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. घरच्यांनी भूक हे कारण सांगितले, प्रशासनाने मलेरिया सांगितला. कारणावर वाद झाला. त्या कुटुंबाची शिधापत्रिका रद्द झाली होती, यावर मात्र वाद नव्हता. त्यानंतर केंद्राकडून लेखी सूचना निघाल्या की जुळणी झाली नाही म्हणून कोणालाही धान्य नाकारू नये, पर्यायी मार्गाने द्यावे आणि तशी नोंद ठेवावी. पुढे कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी त्या राज्यात केलेल्या अभ्यासात आढळले, की रद्द झालेल्या शिधापत्रिकांपैकी बहुतांश खऱ्या कुटुंबांच्या होत्या. कागदावर मात्र त्या ‘बोगस’ म्हणून मोजल्या गेल्या आणि बचतीच्या आकड्यात जमा झाल्या. महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात आधार प्राधिकरणाबाबत नोंदवलेला एक आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: जुळणी का फसते, याचे विश्लेषण करणारी यंत्रणाच प्राधिकरणाकडे नव्हती. यंत्र ‘नाही’ म्हणत होते आणि ते का, हे विचारणारे कोणी नव्हते.

दुसऱ्या टोकाला पडताळणीचे नुसते नाटकही चालते. हॉटेलात, सोसायटीच्या फाटकावर, शाळेत, सिमकार्डाच्या दुकानात आधारची झेरॉक्स मागतात, फायलीत लावतात आणि ओळख पटल्याचे समाधान मानतात. झेरॉक्सने काहीही सिद्ध होत नाही. छायाचित्र बदललेली प्रत कोणीही काढू शकतो. त्याच कार्डावर सरकारची डिजिटल सही असलेला क्यूआर कोड छापलेला आहे, तो वाचला तर कार्ड अस्सल आहे की नाही हे कळते आणि प्रत ठेवण्याची गरजच उरत नाही. शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकलेले आधार मिळते. २०१८ पासून मूळ क्रमांकाऐवजी वापरायचा सोळा अंकी आभासी क्रमांकही आहे. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने लोकांना झेरॉक्स वाटू नका असा सल्ला दिला, आणि गैरसमज होईल म्हणून तो दोन दिवसांत मागे घेण्यात आला. सल्ला चांगला होता. देशभरच्या कपाटांत पडलेल्या त्या झेरॉक्स फसवणूक करणाऱ्यांच्याच कामी येतात. म्हणजे खऱ्या माणसाला अडवणारी आणि खोट्याला साहित्य पुरवणारी, अशी दुहेरी करामत आपण साधली आहे.

गेल्या वर्षभरात हा विषय सर्वांत मोठ्या प्रमाणावर पुढे आला तो बिहारमधील मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणात. २४ जून २०२५ रोजी आदेश निघाला आणि १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती: मृत, स्थलांतरित किंवा सापडले नाहीत असे, आणि दोनदा नोंदलेले. मतदार यादीत मृतांची नावे राहतात, हे निवडणुकीचे काम केलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत आहे. ती काढायलाच हवीत. पण ही ६५ लाख नावे कोणाची आणि कोणते नाव कोणत्या कारणाने गेले, हे प्रसिद्ध करणे नियमाने बंधनकारक नाही, अशी भूमिका आयोगाने घेतली. याच काळात यादीत मृत दाखवलेल्या दोन व्यक्ती सर्वोच्च न्यायालयात प्रत्यक्ष उभ्या राहिल्या. १४ ऑगस्टला न्यायालयाने सांगितले, की वगळलेल्यांची यादी कारणासह जाहीर करा, संकेतस्थळावर शोधता येईल अशी ठेवा आणि गावातल्या कार्यालयांतही लावा. पुढे आधार हा ओळखीचा पुरावा म्हणून घ्यावा, असेही स्पष्ट झाले. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख नावे होती.

या प्रक्रियेच्या हेतूंवर मी इथे मत देत नाही. ती चर्चा पुरेशी झाली आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो १४ ऑगस्टचा साधा आदेश. नाव का गेले, हे ज्याचे गेले त्याला कळले पाहिजे. ही मोहीम आता अन्य राज्यांतही सुरू झाली असल्याने हा मुद्दा केवळ बिहारचा राहिलेला नाही. आणि मतदार यादीला जे लागू, ते शिधापत्रिकेला, पेन्शनला आणि शिष्यवृत्तीलाही का नसावे? नाव काढण्यापूर्वी लेखी सूचना हवी. घरी जाऊन पाहणाऱ्याचे नाव आणि तारीख अहवालात हवी. चौकशी पूर्ण होईपर्यंत धान्य वा पेन्शन चालू राहावी, कारण चुकून एका खोट्याला चार महिने धान्य मिळाले तर तिजोरीचे फारसे बिघडत नाही. प्रत्येक खिडकीवर नाकारलेल्यांची नोंदवही असावी आणि यंत्राचे ‘नाही’ बाजूला ठेवण्याचा अधिकार कोणातरी हाडामांसाच्या माणसाला, त्याच्या सहीनिशी, असावा. यात नवे तंत्रज्ञान काहीच नाही. कारकुनी थोडी वाढेल, एवढेच.

हे मी उपदेशाच्या सुरात सांगू शकत नाही, कारण अशी एक यादी माझ्या सहीचीही आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर भारतातील एका जिल्ह्यात मी उपविभागीय अधिकारी होते. वृद्धापकाळ पेन्शनच्या यादीतून मयतांची नावे काढण्याचा प्रस्ताव तहसिलीतून आला. सोबत लेखपालांचे, म्हणजे तुमच्याकडच्या तलाठ्यांचे, अहवाल होते. एका दुपारी मी सगळ्या पानांवर सह्या केल्या. चारेक महिन्यांनी एक म्हातारी कार्यालयाच्या व्हरांड्यात येऊन बसली. तिच्याच वस्तीतली, तिच्याच नावाची दुसरी बाई वारली होती. लेखपालाने चावडीवर चौकशी केली होती आणि पतीच्या नावाचा रकाना कोराच सोडला होता. तो कोरा रकाना मी पाहिला नव्हता.

मयत ठरवायला माझी एक सही पुरली होती. हयात ठरवायला मात्र नियमच नव्हता. आझमगढच्या लालबिहारींना महसुली दप्तरात पुन्हा जिवंत व्हायला १९९४ साल उजाडले, आणि तोवर त्यांनी आपल्या नावापुढे ‘मृतक’ लावून निवडणुकाही लढवल्या. ती गोष्ट लोक हसत हसत सांगतात, पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. आमच्या म्हातारीला नवा अर्ज करावा लागला, वयाचा दाखला आणावा लागला, आणि तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या कोणाला दिली गेली असल्याने गावाचा कोटा वाढेपर्यंत थांबावे लागले. पेन्शन सुरू झाली तेव्हा जवळजवळ वर्ष उलटले होते. मधल्या काळाची थकबाकी देण्याची तरतूद नव्हती.

पहिल्या दिवशी व्हरांड्यातून तिला आत बोलावले, तेव्हा तिने पैशांविषयी काही विचारले नव्हते. ‘‘बाईसाहेब, मी मेले असं कोणी सांगितलं?’’ एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. लेखपालाचा अहवाल माझ्यासमोर टेबलावरच होता. तो कार्यालयीन कागद होता, अर्जदाराला दाखवायचा नसतो. मी तो दाखवला नाही.